आधी वास, मग भुंकणं

बोरपेठेत ज्या घरी मांजर आहे त्या घरी कुत्रं एकदम आणता येत नाही, ते चार भागांत आणावं लागतं. आधी वास, मग भुंकणं, मग सावली, आणि सगळ्यात शेवटी देह. प्रत्येक भागानंतर पंधरा दिवस थांबायचं. घरातल्या मांजरानं कागदावर पंजा उमटवला की पुढचा भाग मागवायचा. नगरपालिकेत या कामाला वेगळी खिडकी आहे. तिथं गर्दी नसते, कारण माणसांना एवढं थांबवत नाही.

येसबाला थांबायची सवय होती. नदीपलीकडच्या पेरूच्या बागेत त्यानं बत्तीस वर्षं राखण केली होती, आणि राखण म्हणजे तरी काय, बसून राहणं. त्यातली शेवटची अकरा वर्षं हौशा त्याच्याजवळ बसून होता. हौशा हे भुऱ्या रंगाचं, लांब तोंडाचं कुत्रं. मग येसबाचे गुडघे गेले, बाग विकली गेली. विहिरीवरचं इंजिन चालवणारा अमीन होता, त्यालाच नव्या मालकानं राखणीला ठेवलं. येसबाच्या थोरल्या बहिणीनं, सगुणाक्कानं, निरोप धाडला की इकडं ये, दोन भाकरी जास्त थापायला मला काही जड नाही. आक्का पेठेत एकटीच राहायची. गेल्या पौषात येसबा वळकटी घेऊन तिच्याकडं आला. हौशा बागेत राहिला, कारण आक्काकडं शेवंती होती.

शेवंती हे आक्काचं मांजर. नऊ वर्षांची, पांढरी, पाठीवर पिवळे ठिपके. चुलीमागं निजायची.

येसबानं कुत्र्याचं नाव कधी काढलं नाही. पण जेवताना शेवटचा चतकोर तो ताटाच्या कडेला ठेवायचा, आणि मग कुणाला द्यायचा ते न सुचून तसाच उठायचा. आक्कानं हे वर्षभर पाहिलं. एका सकाळी ताट उचलता उचलता ती म्हणाली, "उद्या पालिकेत जाऊन ये. तो चतकोर रोज उचलायचा मला कंटाळा आलाय."

खिडकीवर नाझरे म्हणून कारकून होते. येसबाला लिहिता येत नव्हतं, म्हणून अर्ज त्यांनीच भरला. घरात आधीपासून राहणारे, या रकान्यात त्यांनी पहिलं नाव शेवंतीचं घातलं. येसबा म्हणाला की आक्का त्या घरात चाळीस वर्षं आहे. नाझरे म्हणाले, असेल, पण मांजराचं नाव वरच लागतं. मग दुसरं आक्काचं आणि तिसरं येसबाचं. अंगठा घ्यायच्या आधी त्यांनी दोन नियम वाचून दाखवले. एक, आलेला भाग परत जात नाही. दुसरा, देह येईपर्यंत अर्जदारानं कुत्र्याला भेटायचं नाही, कारण त्याच्या कपड्यांना चिकटून काहीतरी वेळेआधी घरात येतं आणि मांजराचा हिशेब बिघडतो.

"लांबून बघितलं तर?" येसबानं विचारलं.

नाझरेंनी पुस्तक दोनदा चाळलं. "लांबून बघायला मनाई नाही," ते म्हणाले. "पण लोक सांगतात की त्यानं त्रास जास्त होतो."

माघात वास आला. अमीननं तो मातीच्या गाडग्यात भरून, तोंडाला फडकं बांधून सायकलवरून आणला. पालिकेच्या तपासनीस उपळेकर बाई हजर होत्या. त्यांनी पडवीत बसून सील तपासलं आणि फडकं सोडलं. ओल्या मातीचा, पेरूच्या सालींचा आणि उन्हात तापलेल्या घोंगडीचा मिळून एक वास बाहेर आला, दोन्ही खोल्यांतून फिरला आणि येसबाच्या बाजेखाली जाऊन बसला. शेवंती शेपूट फुगवून आढ्यावर चढली. तीन दिवस तिनं दूध वरच घेतलं. चौथ्या दिवशी खाली उतरली, पण बाजेकडं पाठ करून. पंधराव्या दिवशी उपळेकर बाईंनी शाईची डबी उघडली तेव्हा तिनं पंजा उमटवला.

त्या पंधरा दिवसांत येसबा दुपारी आडवा झाला की एक हात बाजेखाली सोडायचा. हाताला काही लागायचं नाही. पण हात रिकामाही वाटायचा नाही.

मग भुंकणं आलं. ते पत्र्याच्या डब्यात होतं. डब्याचं झाकण उघडल्यावर ते धान्याच्या कणगीमागच्या कोपऱ्यात गेलं आणि तिथंच राहिलं. पोस्टमन आला की भुंकायचं, बोहारीण आली की भुंकायचं, आणि दुपारी चार वाजले की काही कारण नसताना भुंकायचं. आक्काला ते कारण कळेना. येसबाला माहीत होतं. बागेत चारला राघूंचा थवा उतरतो. पेठेत राघू नव्हते, पण हे भुंकण्याला कोण सांगणार. येसबा कणगीजवळ जाऊन हळूच म्हणायचा, "उडाले रे, उडाले." मग ते गप्प व्हायचं.

आक्का आधी भुंकण्याशी भांडली. मग बाजाराला जाताना त्याला घर सांभाळायला सांगून जाऊ लागली. शेवंतीच्या ध्यानात आलं की हा आवाज कोपरा सोडत नाही. ती त्याच्यासमोर वीतभर अंतरावर बसून सावकाश अंग चाटायची. ते जीव तोडून भुंकायचं, ती दुसरा पाय चाटायला घ्यायची. पंधराव्या दिवशी दुसरा पंजा उमटला.

तो कागद न्यायला अमीन आला तेव्हा चहा पुढं असूनही तो बराच वेळ बशीत ओतेना. येसबानं विचारल्यावर त्यानं तिकडचं सांगितलं. हौशाला आता वास नाही, म्हणून नदीकाठची कुत्री त्याला ओळखत नाहीत. परवा तिघांनी मिळून त्याला पाडलं. तो भुंकायला गेला तर नुसतं तोंड उघडलं, आतून वारा आला. राघूंना त्याची भीती उरली नाही. एक तर त्याच्या पाठीवर बसून पेरू खातो.

"जेवतो का?" येसबानं विचारलं.

"जेवतो. पण फाटकाकडं तोंड करून जेवतो."

दुसऱ्या दिवशी येसबा गुडघे धरत खिडकीवर गेला. म्हणाला, मला कुत्रं नको. त्याचा वास आणि आवाज तेवढा परत पोचवा, माझं मी बघतो. नाझरेंनी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "बाबा, आलेला भाग परत जात नाही, हे मी वाचून दाखवलं होतं. आता थांबलात तर तो तिकडं अर्धाच राहील. पुढं जाणं एवढाच रस्ता आहे." येसबा पाणी प्यायला आणि पुढच्या भागाच्या कागदावर त्यानं अंगठा दिला.

सावली चैत्रात आली, चटईत गुंडाळून. ती उन्हातच उलगडावी लागते. आक्काच्या घरात ऊन दारातून आठला येतं आणि दहाला जातं, म्हणून तेवढाच वेळ सावली दिसायची. उरलेला दिवस ती कुठं असायची ते कुणी विचारलं नाही. उपळेकर बाईंनी चटई झटकली तशी ती जमिनीवर पडली, उठली, आणि येसबाच्या पायांशी येऊन उभी राहिली.

येसबानं तिच्याकडं पुष्कळ वेळ पाहिलं. पोट वीतभर आत गेलं होतं. डावा कान पूर्वी उभा असायचा, तो पडला होता. शेपूट मात्र हलत होतं. येसबा वाकला आणि सावलीच्या पाठीवरून हात फिरवला. हाताला सारवलेली जमीन लागली.

"बारीक झालाय," तो आक्काला म्हणाला.

"सावलीच आहे ती, येसू. सकाळची लांबते, म्हणून बारीक दिसते," आक्का म्हणाली. पण तिनं त्या दिवशी कालवणात मीठ दोनदा घातलं.

शेवंतीनं सावलीला पंजे मारून पाहिले. नखांत काही येईना. तिसऱ्या दिवशी तिला उमगलं की सावलीखालची जमीन गार असते, आणि चैत्रातलं ऊन आठलाच भाजायला लागतं. ती सावलीच्या पोटावर जाऊन निजली. अंग हललं तर मांजर उठेल म्हणून सावलीनं शेपूटसुद्धा थांबवलं. नवव्या दिवशीच पंजा उमटला. उपळेकर बाईंनी नोंदवहीत 'मुदतीआधी' असं लिहिलं आणि शेवंतीच्या डोक्यावरून हात फिरवला.

आता देह तेवढा राहिला. येसबानं पडवीत गोणपाट अंथरलं, एक जुनी परात घासून ठेवली, दाराची खालची कडी काढून वर लावली. आक्का म्हणाली, येणारं कुत्रं आहे का जावई. येसबा हसला नाही. त्यानं परात पुन्हा घासली.

घरातल्यांची तिन्ही नावं लिहिलेला देहाचा कागद घेऊन बाई आल्या. कागद जमिनीवर ठेवला, शेजारी शाई ठेवली. शेवंती आली, शाई हुंगली आणि कागदावर बसली. पंजा दिला नाही. नुसती बसली. बाई नियमाप्रमाणं अर्धा तास थांबल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाईंनी चष्मा लावला, गुडघ्यावर बसल्या आणि शेवंती नेमकी कुठं बसली आहे ते पाहिलं. मग शेवंतीला हळूच उचलून पुन्हा कागदाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. शेवंती चालत आली आणि आधीच्याच जागी बसली. ती तिसऱ्या नावावर बसत होती.

"हरकत कुत्र्याला नाही," बाई म्हणाल्या.

येसबा पुढं सरकला. "मग?"

"तुम्हाला आहे."

कणगीमागचं भुंकणंसुद्धा गप्प होतं.

बाईंनी पेन काढलं. "तुम्ही या घरात कसे आलात, बाबा?"

"दारातनं."

"तसं नाही. आधी काय आलं?"

येसबानं आठवून पाहिलं. खोटं सांगायचं त्याच्या मनात नव्हतं. "सगळाच आलो," तो म्हणाला. "वळकटी डोक्यावर होती."

आक्का मध्ये पडली. म्हणाली, तो असा तसा आलेला नाही. मी त्याला उंबऱ्याबाहेर उभा केला, भाकरतुकडा ओवाळला, डोळ्यांना पाणी लावलं आणि मगच आत घेतला. सख्ख्या भावाला आणखी कसं घेतात?

"भाकरतुकडा माणसांच्या नजरेसाठी असतो, आक्का," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्या वेळी शेवंती कुठं होती?"

"चुलीमागं. निजली होती."

"म्हणजे ती उठली तेव्हा घरात एक अख्खा माणूस होता."

आक्कानं चुलीकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "सव्वा वर्ष झालं, बाई. रोज त्याच्या पायाशी बसते ती."

"बसते," बाई म्हणाल्या. "लक्ष ठेवायला बसते."

येसबानं शेवंतीकडं पाहिलं. शेवंतीनं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. आगगाडीत शेजारी बसलेल्या माणसाकडं बघावं तसं ती बघत होती. हे आपल्याला सव्वा वर्षात कसं कळलं नाही, याचं येसबाला वाईट वाटलं. बागेत तर परका माणूस कुंपणाबाहेर असतानाच त्याला कळायचं. इथं परका तोच होता, म्हणून कळलं नसावं.

बाईंनी उपाय सांगितला. येसबानं घर सोडायचं आणि रीतीनं पुन्हा यायचं. आधी वास, मग आवाज, मग सावली. तीन पंजे उमटले की त्याचा आणि हौशाचा देह एकाच कागदावर, एकाच दिवशी. अर्जदार आता आक्का. येसबा आणि हौशा दोघं प्रवेशार्थी.

येसबानं वळकटीकडं पाहिलं. मग त्यानं विचारलं, "तोवर मी राहायचं कुठं?"

"घराबाहेर. अर्जदाराची ये-जा नसेल अशा कुठल्याही जागी."

"आणि ती भेटायची बंदी?"

बाईंनी पुस्तक काढलं, पानावर बोट ठेवून वाचलं. "ती अर्जदाराला आहे. प्रवेशार्थींनी एकमेकांना भेटू नये, असं कुठं लिहिलेलं नाही."

"पुन्हा एकदा सांगा," येसबा म्हणाला.

बाईंनी पुन्हा वाचलं, सावकाश. येसबानं मान हलवली. मग तो दाराबाहेर बघायला लागला.

बाई गेल्यावर आक्कानं परातीत पीठ घेतलं. दुपारची जेवणं झालेली होती. ती मळत राहिली.

"किती दिवस म्हणाल्या बाई?"

"तीन पंधरवडे. वर चार दिवस."

"म्हणजे बेंदराच्या आत येशील." तिनं पीठ उलटं केलं. "आणि मी तिकडं यायचं नाही."

"नाही."

"नदीच्या अलीकडून बघितलं तर?"

येसबानं तिला नाझरेंचं म्हणणं सांगितलं, की मनाई नाही पण त्रास जास्त होतो. आक्कानं मान डोलावली. नवरा गेल्यावर सव्वीस वर्षं ती या घरात एकटीनं राहिली होती आणि त्याबद्दल कधी बोलली नव्हती. आताही ती त्याबद्दल बोलली नाही.

"तू तुझा खोकला आधी पाठव," ती म्हणाली. "वासाचं मला काही कौतुक नाही. पहाटे तो ऐकू आला नाही तर दिवस उजाडला की नाही ते मला कळत नाही."

"आधी वासच पाठवावा लागतो, आक्का."

"माहितीय मला," आक्का म्हणाली.

सकाळी तिनं सहा भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. येसबा वळकटी घेऊन निघाला तेव्हा सावली त्याच्याबरोबर उंबऱ्यापर्यंत आली आणि ऊन जिथं संपत होतं तिथं थांबली. भुंकणं कोपऱ्यातून भुंकत राहिलं. शेवंती मात्र दारात आली, तो गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत बसली, आणि मग आत जाऊन त्याच्या बाजेवर चढली.

नदीपर्यंत जीप होती, पुढं चालणं. बागेच्या फाटकाशी हौशा बसला होता. येसबाला पाहून तो उठला, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज आला नाही. त्याच्या पायांखाली सावली नव्हती, त्यामुळं तो जमिनीवर नीट टेकलेला वाटत नव्हता. येसबानं खाली बसून त्याच्या मानेत तोंड घातलं. रांजणातल्या पाण्याला नसतो तसा कशाचाच वास नव्हता. मग हौशानं आपलं डोकं येसबाच्या पावलावर ठेवलं. वजन सगळं होतं. घरी बाकी सगळं आलं होतं, एवढंच आलं नव्हतं.

अमीन खोपीतून बाहेर आला आणि त्यांना बघून परत आत गेला.

चौथ्या दिवशी येसबाचा वास काढला. त्याचं मुंडासं गाडग्यात घातलं, फडकं बांधलं, अमीन घेऊन गेला. तो गेल्यावर हौशानं येसबाला पायांपासून खांद्यापर्यंत हुंगलं. काही सापडलं नाही. तो येसबाभोवती तीन फेऱ्या फिरला, थोडा विचारात पडला, आणि पुन्हा पूर्वीच्याच जागी, पावलावर डोकं ठेवून निजला.

अमीननं निरोप आणला. येसबाचा वास चुलीमागं जाऊन शेवंतीशेजारी बसला. शेवंती दोन दिवसांत सरकून त्याला जागा द्यायला लागली. आक्का म्हणते, त्यात तंबाखू फार आहे, पुढच्या भागात सुधारणा दिसली पाहिजे.

दुसऱ्या पंधरवड्याला आवाज गेला. तो द्यायच्या आधी येसबा हौशाशी दिवसभर बोलला, बत्तीस वर्षांत बोलला नव्हता एवढं. कुठल्या झाडाला कधी बहार यायचा, कुठल्या साली गारा पडल्या, आक्का लहानपणी त्याला पाठुंगळीला घेऊन ओढा कसा ओलांडायची. संध्याकाळी शब्द संपले तेव्हा तो डब्यात तोंड घालून एकदा खोकला, आणि अमीननं झाकण लावलं.

आता खबर अशी होती की पहाटे आक्काच्या घरात खोकला येतो. आक्का "उठलास का" म्हणते आणि चहाचं आधण ठेवते, एका माणसाचंच. खोकला ऐकून कणगीमागचं भुंकणं जागं होतं. मग दोघं मिळून बराच वेळ चालू असतात आणि आक्का त्यांना गप्प बसा म्हणते. पण ते गप्प बसले की तिला करमत नाही, असं अमीनला वाटलं. चतकोर आता ती स्वतःच्या ताटाच्या कडेला ठेवते. शेवंतीचा दुसरा पंजा मुदतीआधीच उमटला होता.

बागेत चारला राघू उतरायचे. येसबा आणि हौशा दोघंही उठून उभे राहायचे आणि तोंडं उघडायचे. राघू मान वाकडी करून त्यांच्याकडं बघायचे आणि पेरू खात राहायचे. शेवटी अमीन डबा बडवायचा. मग दोघं, आपलं काम झालं अशा चेहऱ्यानं, खाली बसायचे.

जेठाचं ऊन होतं. पेरूच्या झाडांनी जुनी पानं टाकली होती, त्यामुळं त्यांच्याखाली म्हणावा तसा आडोसा नव्हता. येसबाची सावली द्यायची तारीख अजून आठ दिवस लांब होती. ऊन चढलं तसा हौशा उठला आणि तिच्यात येऊन बसला. ती त्याच्या सगळ्या अंगावर पुरावी म्हणून येसबा जरा उन्हाच्या बाजूला सरकला.